नंदादेवी पुन्हा चढाईसाठी खुली करावी का?

कडेकपारी
मंडळी, मागच्या आठवड्यात क्वारी पासचा ट्रेक करून परतलो. तिसऱ्या दिवशी पहाटे तंबूची चेन उघडली तर समोर नंदादेवी. आधी नुसता काळा आकार, मग टोकावर तांबूस ठिपका, आणि मग तो रंग हळूहळू खाली उतरत गेला. आमचा गाइड चमोलीचाच. त्याने टोपी काढून हात जोडले, मग कोणी न सांगता आम्ही सगळ्यांनीच जोडले.

नाश्त्याला गटातला एक जण म्हणाला, "एवढं सुंदर शिखर आणि चढायला बंदी! आता उघडायला काय हरकत आहे?" त्यावरून हरिद्वार येईपर्यंत गाडीत वाद झाला. तो वाद इथे आणतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. उंची ७८१६ मीटर. शिखराभोवती डोंगरांचं कडं आहे, घेर साधारण ११० किलोमीटर. या कड्याची धार साडेपाच हजार मीटरच्या खाली फारशी उतरत नाही. फक्त पश्चिमेला ऋषिगंगा ते फोडून बाहेर पडते. आत कुरणं, हिमनद्या आणि मधोमध देवी. १९७४ मध्ये हा आतला भाग परदेशी मोहिमांना खुला झाला आणि आठ-नऊ वर्षांत तिथे इतका कचरा, तोड आणि शिकार झाली की १९८२ ला राष्ट्रीय उद्यान जाहीर करून पुढे सगळंच बंद करावं लागलं. १९८८ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे.

माझं मत स्पष्ट आहे, बंदच राहू द्या. भारतातलं सर्वोच्च शिखर आहे म्हणून त्यावर माणसाचा पाय पडलाच पाहिजे असं नाही. तुम्हाला काय वाटतं?

सुमेधा_ठाणे
पहाटेचं वर्णन वाचून अंगावर काटा आला. बंदच राहावं. +१

घाटमाथा
आधी एक दुरुस्ती. भारतातलं सर्वोच्च शिखर कांचनजुंगा, ८५८६ मीटर, पण ते नेपाळच्या सीमेवर आहे. *संपूर्णपणे* भारताच्या हद्दीत असलेलं सर्वोच्च शिखर म्हणजे नंदादेवी.

आता मुद्दा. मी उघडण्याच्या बाजूचा आहे. या शिखराचा चढाईचा इतिहास वाचला की कळतं, आपण नुसतं एक शिखर बंद केलेलं नाही, एक परंपरा अर्ध्यावर तोडली आहे.

शिखर चढणं पुढची गोष्ट, नुसतं पायथ्याशी पोहोचायलाच पन्नास वर्षं लागली. १८८३ मध्ये ग्रॅहम ऋषिगंगेच्या घळीतून शिरायला गेला आणि परतला. १९०५ ला लाँगस्टाफ पूर्वेकडच्या खिंडीवर चढून आत डोकावला, उतरू शकला नाही. १९०७ ला त्यानेच शेजारचं त्रिशूळ सर केलं, सात हजार मीटरवरचं माणसाने चढलेलं ते पहिलं शिखर. तरी देवीचं दार बंदच. मग रटलेजने अनेक बाजूंनी प्रयत्न केले. तेही फसले.

१९३४ ला एरिक शिप्टन आणि बिल टिलमन हे दोन इंग्रज आणि आंग थारके, पासांग, कुसांग हे तीन शेर्पा, अशी पाच माणसं घळीतून आत पोहोचली. मोठी फौज नाही, फार पैसा नाही. सह्याद्रीत नाळेने उतरलेल्यांनी डोळ्यांसमोर आणा: दोन्ही बाजूंना सरळसोट कातळ, खाली फेसाळणारी नदी, पाठीवर ओझं, आणि पुढच्या वळणापलीकडे वाट आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. रोज थोडं पुढे जायचं, ओझी ठेवायची, परत येऊन उरलेली न्यायची. त्या वर्षी ते शिखर चढले नाहीत, नुसता रस्ता शोधून आले. माझ्या लेखी ती शिखर चढण्याइतकीच मोठी कामगिरी आहे.

रानभूल
वा घाटमाथा! पुढचं १९३६ चंही लिहा की. तो टिनच्या डब्याचा किस्सा तर हवाच.

घाटमाथा
लिहितो. १९३६ ला ब्रिटिश आणि अमेरिकन गिर्यारोहकांची मिळून मोहीम गेली, नेता टिलमन. याच टिलमनला त्या वर्षीच्या एव्हरेस्ट मोहिमेत घेतलं नव्हतं, कारण आदल्या वर्षी विरळ हवा त्याला मानवली नव्हती. नोएल ओडेललाही घेतलं नव्हतं. ओडेल म्हणजे १९२४ ला एव्हरेस्टवर हरवलेल्या मॅलरी आणि अर्विनला शेवटचं पाहणारा माणूस.

माथ्याच्या चढाईसाठी ओडेल आणि चार्ल्स ह्यूस्टन वरच्या तळावर पोहोचले. रात्री ह्यूस्टनने टिनमधलं मांस खाल्लं, ते खराब निघालं आणि तो उलट्यांनी बेजार झाला. त्याला खाली आणलं आणि त्याच्या जागी टिलमन गेला. २९ ऑगस्ट १९३६ ला दुपारी तीनच्या सुमारास टिलमन आणि ओडेल माथ्यावर होते. पुढे १९५० ला अन्नपूर्णा सर होईपर्यंत माणसाने पाय ठेवलेला सर्वांत उंच माथा हाच होता. आणि खाली पाठवलेल्या तारेत दोघे पोहोचले एवढंच होतं. कोण दोघे, ते त्यांनी मुद्दाम कळवलं नाही. श्रेय सगळ्या चमूचं.

याच मोहिमेत कितार नावाचा शेर्पा तळावर आमांशाने वारला, हेही सांगितलं पाहिजे. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही.

मिसळ_पाव_किलो
ह्यूस्टनचा किस्सा आमच्या आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "बाहेरगावी जाताना दशम्या आणि चटणी न्यावी, हे मी उगाच सांगते का?" 😄

रानभूल
काकूंना नमस्कार सांगा. पुढच्या मोहिमेचं रेशन त्यांच्याकडेच द्यायला हवं.

गौरीपूजन
मला चढाईतलं काही कळत नाही, पण आमच्या कौसानीच्या सहलीत नंदादेवीची कथा ऐकली आणि अगदी आपली वाटली. गढवाल-कुमाऊँत नंदा ही घरची लेक मानतात. तिचं सासर वर कैलासात, शंकराकडे. बारा वर्षांनी 'राजजात' निघते. नौटी गावापासून होमकुंडापर्यंत, जवळजवळ २८० किलोमीटर, तीन आठवडे पायी. पुढे चार शिंगांचा मेंढा असतो, त्याच्या पाठीवर देवीचा साजशृंगार आणि गावोगावच्या भेटी. शेवटी तो मेंढा एकटाच वर बर्फाकडे जातो. बायका गाणी म्हणत रडतात, लेक सासरी चालली म्हणून.

आपल्याकडे गौरी अडीच दिवसांसाठी माहेरी येतात आणि विसर्जनाला घर कसं रिकामं रिकामं वाटतं, तसंच. तिथल्या आजींना मी आपल्या गौरींबद्दल सांगितलं तर त्यांनी माझा हात हातात घेतला. भाषा अर्धीच कळत होती दोघींना, पण बोलणं पूर्ण झालं.

म्हणून मला वाटतं, बंद राहू दे. लेकीच्या सासरी सारखं सारखं जाऊ नये.

कडेकपारी
गौरीपूजन, शेवटचं वाक्य माझ्या गाडीतल्या वादात कामाला आलं असतं!

अप्पा_गिरगाव
वय ७४. सत्तरच्या दशकात आम्ही मुंबईची पोरं हिमालयाच्या गप्पा मारत लोकलने कर्जत-लोणावळ्याला कडे चढायला जायचो. तेव्हा नंदादेवीचं नाव मुंबईच्या गिर्यारोहकांत वेगळ्याच कारणाने घेतलं जायचं. १९७४ ला हरीश कपाडिया याच अभयारण्यातलं देवतोली, ६७८८ मीटर, चढून उतरताना हिमभेगेत पडले आणि त्यांचा खुबा निखळला. सोबत्यांनी त्यांना उचलून तेरा दिवस बर्फ आणि मोरेनमधून (हिमनदीने आणून टाकलेल्या दगडगोट्यांतून) तळापर्यंत आणलं, मग हेलिकॉप्टर आलं. पुढची दोन वर्षं कुबड्यांवर. आणि हा माणूस नंतर कित्येक दशकं हिमालयात हिंडला, सियाचीनपासून अरुणाचलपर्यंत.

तेरा दिवस! ऋषिगंगेच्या घळीतून जखमी माणसाला चालवत नेणं शक्यच नव्हतं. बाळांनो, परवानगी मागण्याआधी हा विचार करा. आत जाणं जमेल, पण आत काही झालं तर बाहेर कसं यायचं? माझं मत अजून ठरलेलं नाही. पण १९३४ ची माणसं परतीचा हिशोब करूनच पुढे सरकत होती, हे विसरू नका.

अणुरेणू
कोणीच अजून तो विषय काढला नाही म्हणून मी काढतो. उघडायला सर्वांत मोठी हरकत प्लुटोनियमची नाही का?

१९६४ च्या ऑक्टोबरमध्ये चीनने लोप नोरला अणुचाचणी केली. त्यावर नजर ठेवण्यासाठी अमेरिकेच्या सीआयएने आणि आपल्या गुप्तचर खात्याने मिळून नंदादेवीवर एक टेहळणी यंत्र बसवायचं ठरवलं. ते चालणार होतं प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर. १९६५ च्या शरद ऋतूत मोहीम वर गेली, नेतृत्व कॅप्टन मनमोहनसिंग कोहलींचं. त्याच वर्षी भारतीय चमूला एव्हरेस्टवर यश मिळवून देणारे तेच कोहली. वरच्या तळापर्यंत यंत्र पोहोचलं आणि हवामान फिरलं. माणसं वाचवायची की यंत्र? कोहलींनी माणसं निवडली, यंत्र कातळाला बांधून ठेवलं आणि सगळे खाली उतरले. १९६६ ला परत गेले तर ती जागाच हिमस्खलनात वाहून गेली होती. यंत्र आजवर सापडलेलं नाही. पुढे १९६७ ला दुसरं यंत्र शेजारच्या नंदाकोटवर बसवलं.

हे जगासमोर आलं १९७८ ला. पंतप्रधान मोरारजी देसाईंना संसदेत निवेदन करावं लागलं, शास्त्रज्ञांची समिती नेमली गेली. पाण्याच्या तपासणीत किरणोत्सार आढळला नाही, असं तिने सांगितलं. पण प्लुटोनियम-२३८ चं अर्धायुष्य जवळपास ८८ वर्षांचं असतं. म्हणजे तिथे जे काही गाडलं गेलंय त्यातलं निम्म्याहून जास्त अजून शिल्लक आहे, आणि खाली गंगेचं पाणी आहे.

सुमेधा_ठाणे
७ फेब्रुवारी २०२१ चा ऋषिगंगेचा पूर याच यंत्रामुळे आला असं व्हॉट्सअॅपवर फिरत होतं. खरं आहे का ते?

अणुरेणू
नाही, सुमेधाताई. रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड भाग सुटून खाली कोसळला. उपग्रहांच्या छायाचित्रांत ती जागा स्पष्ट दिसते. त्याचा चिखल-दगडांचा लोंढा झाला, ऋषिगंगेवरचा वीजप्रकल्प गेला, खाली तपोवनच्या बोगद्यात माणसं अडकली. दोनशेच्या वर माणसं दगावली. पण तिथल्या रैणी गावातल्या लोकांच्या मनात ती शंका पहिल्यांदा आली, याचं मला आश्चर्य वाटत नाही. ज्यांच्या डोक्यावर असं काही हरवलंय आणि ज्यांना ते तेरा वर्षं कुणी सांगितलंच नाही, त्यांनी शंका घेऊ नये तर काय करावं?

दून_वासी
हा धागा दोन दिवस नुसता वाचत होते. आता लिहावंच लागेल.

मी मूळची साताऱ्याची, बावीस वर्षं देहरादूनला आहे. कामानिमित्त धौलीगंगेच्या खोऱ्यात, लाता, रैणी, तोलमा या गावांत पुष्कळदा जाणं होतं. इथे 'बंद राहू दे' आणि 'उघडा' असे दोन पक्ष झालेत. ज्यांच्या दारात हे शिखर आहे ते दोन्हींत नाहीत.

रैणी म्हणजे चिपकोचं गाव. १९७४ च्या मार्चमध्ये गावातले पुरुष बाहेर असताना गौरादेवी बायका-मुलींना घेऊन जंगलात गेल्या आणि झाडं वाचवली. त्याच वर्षी नंदादेवीचं दार परदेशी मोहिमांना उघडलं. म्हणजे खाली ज्या बाया झाडांना मिठ्या मारत होत्या, त्यांच्याच डोक्यावर पुढची काही वर्षं मोहिमांच्या चुलींसाठी जुनिपर आणि भूर्ज तोडले जात होते. हे कुणी केलं? गाववाल्यांनी नव्हे. पण बंदी आली ती सगळ्यांवर सारखीच. भोटिया मेंढपाळांची धरांसी आणि दिब्रूगेटाची उन्हाळी कुरणं गेली. जडीबुटी गेली. ओझी वाहून नेणं, वाट दाखवणं, स्वयंपाक करणं, मोहिमांमुळे मिळणारं हे सगळं काम गेलं. १९९८ ला लाताच्या लोकांनी 'झपटो छीनो' आंदोलन केलं आणि बंदी मोडून गाभा क्षेत्रात शिरले. नंतर परिघातल्या थोड्या वाटा मर्यादित प्रमाणात खुल्या झाल्या, त्या या लढ्यामुळे.

लाताच्या एका आजोबांनी मला सांगितलं होतं, "बेटी, हमने देवी का घर कभी गंदा नहीं किया. सज़ा हमें मिली." यावर मला तेव्हा काही बोलता आलं नाही, आजही येत नाही.

कडेकपारी, तुमच्या गाइडने टोपी काढली ना? त्याच्या आजोबांना त्या कुरणात मेंढ्या नेता येत होत्या का, हे एकदा विचारून बघा.

घाटमाथा
दून_वासी, वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. मी चढाईच्या परंपरेबद्दल बोलत होतो आणि त्या परंपरेचं ओझं ज्यांच्या पाठीवर होतं त्यांचा विचारच केला नव्हता.

नंदा_आत्या_फॅन
अवांतर: माझ्या आत्याचं नाव नंदा, म्हणून धागा उघडला. पण या शिखराच्या नावावरून नाव ठेवलेल्या एका मुलीची गोष्ट इथे कुणीच सांगितली नाही.

अमेरिकेचा विली अनसोल्ड तरुणपणी इथे फिरला आणि या शिखराच्या प्रेमात पडला. मुलगी झाली तेव्हा तिचं नाव ठेवलं नंदादेवी. याच विलीने १९६३ ला एव्हरेस्टच्या पश्चिम धारेवरून पहिली चढाई केली. मुलगी मोठी झाली, तीही गिर्यारोहक झाली, आणि १९७६ ला बाप-लेक मिळून याच शिखरावर गेले. सोबतचा दुसरा नेता अॅडम्स कार्टर, जो १९३६ च्या मोहिमेतही होता. तिघेजण माथ्यावर पोहोचले. पाठोपाठ जाणारी देवी वरच्या तळावर पोटाच्या दुखण्याने आजारी पडली आणि ८ सप्टेंबरला तिथेच गेली. वय २२. बापाने आणि सोबत्यांनी तिला तिथल्याच बर्फाच्या स्वाधीन केलं.

खोऱ्यात आजही काही लोक म्हणतात की ती मेली नाही, देवी आपल्या घरी परत गेली. आत्याला हे सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली, "त्या बापाचं काय झालं असेल रे?" तोही १९७९ ला रेनियर पर्वतावर हिमस्खलनात गेला.

गौरीपूजन
🙏 काय लिहू.

कातळटप्पा
फ्रेंचांचं राहिलं. १९५१ ला ड्यूप्ला आणि व्हीन्य यांनी मुख्य माथ्यावरून पूर्व माथ्यापर्यंतची धार पार करायचा बेत आखला. माथ्याजवळ दिसले आणि मग कधीच दिसले नाहीत. त्यांना शोधायला तेनझिंग आणि लुई द्यूबो पूर्व शिखर, ७४३४ मीटर, चढून गेले. एव्हरेस्टच्या दोन वर्षं आधी! तेनझिंग पुढेही म्हणत की आपली सर्वांत अवघड चढाई तीच. त्या पूर्व शिखरावर पहिल्यांदा पोहोचले पोलंडचे गिर्यारोहक, जुलै १९३९ ला. दोन महिन्यांत त्यांच्या देशावर युद्ध कोसळलं. ती अख्खी धार पार झाली १९७६ ला, भारत-जपान मोहिमेत.

आणि माहिती म्हणून सांगतो, पूर्व शिखर बाहेरच्या, म्हणजे मिलम-मुनस्यारीच्या बाजूने चढता येतं, तिथे मोहिमा जातात. २०१९ च्या मे महिन्यात त्याच बाजूच्या एका बेनाम शिखरावर आठ जण हिमस्खलनात गेले. आयटीबीपीच्या (भारत-तिबेट सीमा पोलीस दलाच्या) जवानांनी सात जणांचे मृतदेह उचलून धारेवरून खाली आणले. त्यामुळे 'नंदादेवी पूर्ण बंद' हे तितकंसं खरं नाही.

वर्षा_डोंबिवली
आपल्या लोकांच्या चढाया कुणी सांगितल्याच नाहीत! १९६४ ला दुसऱ्यांदा शिखर सर झालं ते भारतीय मोहिमेत, नेते नरेंद्रकुमार, माथ्यावर नवांग गोंबू आणि दावा नोरबू. आणि १९८१ ला तीन भारतीय स्त्रिया: रेखा शर्मा, हर्षवंती बिष्ट, चंद्रप्रभा ऐतवाल. बंदीच्या अगदी आधी. हर्षवंतीताईंनी नंतर गंगोत्रीच्या वर भोजबासाला भूर्जाची झाडं लावली आणि जगवली. पुढे त्या भारतीय गिर्यारोहण संस्थेच्या पहिल्या स्त्री अध्यक्ष झाल्या. ज्या झाडांची तोड झाली म्हणून शिखर बंद झालं, तीच झाडं त्या शिखरावर जाऊन आलेल्या बाईने लावली. मला हे फार मोठं वाटतं.

अप्पा_गिरगाव
वर्षा, छान आठवण केलीस. आणि १९९३ ला सैन्याच्या अभियंता दलाची मोहीम परवानगी घेऊन आत गेली होती, शास्त्रज्ञांसोबत. त्यांनी जुन्या मोहिमांचा कचरा गोळा करून खाली आणला. झाडी आणि जनावरं सावरताहेत, असं तेव्हा दिसलं. म्हणजे बंदीचा उपयोग झाला, हेही नोंदवा.

कडेकपारी
मूळ प्रश्नाकडे येतो. दून_वासींचा प्रतिसाद वाचून मी गाइडला फोन लावला. तो लाताचा नाही, पण त्याची आजी तोलमाची. त्याने सांगितलं की आजी वर्षातून एकदा धरांसीच्या दिशेला तोंड करून दूध सांडते. आजोबा तिकडे मेंढ्या नेत, तेव्हापासूनची पद्धत. मेंढ्या गेल्या, दूध सांडणं चालू आहे.

माझं मत थोडं बदललंय. शिखर बंदच राहावं, यावर अजूनही ठाम आहे. पण आतल्या कुरणांचा आणि वाटांचा निर्णय त्या गावांना बाजूला ठेवून होऊ नये. आधी त्यांच्या मेंढ्या आत जाव्यात, त्यांची जडीबुटी, त्यांची पूजा. त्यानंतर पाहुणे, तेही त्यांच्याच सोबतीने. चढाईचा विचार सर्वांत शेवटी.

घाटमाथा
एवढ्यावर मीही सहमत. एकच जोडतो, कधीकाळी उघडलंच तर १९३४ सारखं: लहान चमू, वर नेलेलं सगळं खाली आणायचं, हेलिकॉप्टर नाही. आणि पोहोचल्यावर नावं न सांगणं.

अप्पा_गिरगाव
आणि गुडघे शाबूत असतील तर मलाही न्या, तळापर्यंत.

रानभूल
अप्पा, तुम्ही नेता, आम्ही ओझी वाहू.

सुमेधा_ठाणे
दून_वासी, ऑक्टोबरमध्ये आम्ही चौघी जोशीमठला येतोय. लाता गावात राहायची सोय होते का? चढाई वगैरे नाही, नुसतं देवीचं देऊळ बघायचंय आणि गावात दोन दिवस राहायचंय.

दून_वासी
होते, घरांतूनच राहता येतं. जोशीमठहून मलारीच्या रस्त्याला जीप मिळते, रैणीचा पूल ओलांडला की थोडं पुढे. गाव रस्त्यापासून वर आहे, अर्धा तास चढ. गरम कपडे भरपूर आणा, ऊन लवकर जातं. व्यनि (खासगी निरोप) करते, घरचा नंबर देते. आणि येताना थोडी तिळगुळाची पोळी आणा, मागच्या वेळी नेली होती ती तिथल्या मुलांनी अजून लक्षात ठेवली आहे.